चौसष्ट घरांतील चित्रकला

कलाशाळेत शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांकडून अलीकडे एक तक्रार वरचेवर कानी येते. "मुलीला चित्रकला शिकायला मुंबईला ठेवली. सुटीत घरी आली म्हणून पाहावे, तर ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकलेला आणि ही आपली जुनाट व्हिडिओ गेम घेऊन बसलेली. बरे, आजकालचे झगमगीत खेळ असते तर एक वेळ समजलो असतो. हे तर तिच्या मामाच्या लहानपणचे खेळ!"

महाड-पोलादपूरकडच्या घरांत ही तक्रार जरा अधिक कळकळीने होते, आणि ते साहजिक आहे. शाळेत असताना मुलगी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा चांगल्या श्रेणीत पास होते, ड्रॉइंगचे सर घरी येऊन सांगतात की हात चांगला आहे, आणि मग पुढच्या शिक्षणासाठी बहुधा मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. तिथे खोलीचे भाडे, खाणावळ, येण्याजाण्याची एस. टी. हा खर्च तर आहेच. पण कलाविद्यार्थ्याचा खरा खर्च कागदाचा आणि रंगांचा. वह्यापुस्तके एखाद्याची मागून आणता येतात, रंगाची ट्यूब मागून आणता येत नाही. तेव्हा घरातल्या माणसांना एकेक वाया गेलेला तास पैशात मोजावासा वाटला, तर त्यांना नावे ठेवता येणार नाहीत.

परंतु या तक्रारीत एक गोष्ट राहून जाते. हे जुने खेळ ज्यांनी चित्रित केले, त्यांतली काही मोठी माणसे ड्रॉइंग बोर्डावरूनच उठून तिकडे गेली होती. खेळाकडून परत बोर्डाकडे येणारी एक वाट आहे. ती आपोआप सापडत नाही, शोधावी लागते. कशी शोधावयाची, तेच आज पाहू.

आधी हे जुने खेळ म्हणजे कोणते, ते सांगतो. १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे टीव्हीला जोडावयाचा एक प्लास्टिकचा डबा मिळत असे. त्यात वरून 'कॅसेट' खुपसायची, दोन वायरींना दोन रिमोट, आणि बरोबर एक बंदूक. पडद्यावर उडणारी बदके त्या बंदुकीने मारावयाची. हे डबे बहुतेक सारे नक्कल होते. मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे 'फॅमिकॉम', ते १९८३ च्या जुलैत तिकडे विक्रीला आले. त्या यंत्रावरचा मारिओ आपल्या मुलांना ठाऊक झाला तो या नकलेतून. त्याआधीचे खेळ टीव्हीवरचे नव्हेत, नाणे टाकून खेळावयाच्या कपाटांतले: १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स', १९८० चा 'पॅक-मॅन', १९८१ चा 'डाँकी काँग'. आजची मुले हे सगळे मोबाईलवर किंवा संगणकावर खेळतात. ती बंदूक मात्र आता निकामी झाली आहे. जुन्या काचेच्या पिक्चर-ट्यूबवर चित्र ज्या गतीने उमटे त्यावर तिचे काम चाले, आणि आजच्या चपट्या टीव्हीवर चित्र तसे उमटत नाही.

आता चित्राकडे वळू. रेडिओवरून चित्राविषयी बोलणे म्हणजे फोनवरून वास सांगण्यासारखेच आहे, पण घरात आजीच्या हातचे दुसुतीचे भरतकाम असेल तर माझे काम सोपे होईल. दुसुतीच्या कापडावर धाग्यांची चौकडी असते. एका चौकडीत एक फुली. पोपट भरावयाचा असला तरी तो फुल्याफुल्यांनीच भरावा लागतो. त्याची चोच वाकडी असली तरी धागा वाकडा जात नाही. म्हणून आजी आधी चौकटीच्या कागदावर नमुना काढी आणि चोचीसाठी कुठली चौकट भरायची, कुठली सोडायची हे ठरवी. (पुष्कळजण इथे ठिपक्यांच्या रांगोळीची उपमा देतात. मला ती पटत नाही. रांगोळीत ठिपका हा केवळ आधार, खरे चित्र रेघेचे. दुसुतीत रेघ नाहीच.)

जुन्या खेळातले चित्र असेच. फॅमिकॉमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके, ज्यांना आपण पिक्सेल म्हणतो. पण चित्रकाराला तेवढा सगळा पडदा मोकळा मिळत नसे. यंत्राची स्मरणशक्ती फार थोडी. म्हणून पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या लहान लहान घरांत विभागलेला असे, म्हणजे एका घरात चौसष्ट ठिपके. अशी घरे पडद्यावर ९६० बसतात. परंतु पार्श्वभूमीसाठी एका वेळी निरनिराळी घरे वापरायला मिळत ती साधारणपणे २५६. मग काय करावयाचे? तेच घर पुन्हा पुन्हा मांडावयाचे. एक वीट काढली की तिचीच भिंत. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळात आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच आहे. ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा. लाखो मुलांनी तो खेळ वर्षानुवर्षे खेळला आणि हे बहुतेकांच्या ध्यानातही आले नाही. तो सगळा खेळ, चित्रे आणि नियम धरून, ४० किलोबाइटांत मावतो. आज मोबाईलवर काढलेला एक साधा फोटो त्याच्या कित्येक पट जागा खातो.

रंगांचेही तसेच. यंत्रापाशी एकंदर पन्नासेक रंग, पण हलत्या आकृतीच्या एका घरात तीनच वापरता येत. चौथी जागा पारदर्शक, म्हणजे मागचे दृश्य दिसण्यासाठी. सुरुवातीचा छोटा मारिओ सोळा बाय सोळा ठिपक्यांचा, चार घरांचा, आणि रंग तीन: तांबडा, मातकट आणि कातडीचा.

कलाशाळेच्या पहिल्या वर्षात संकल्पचित्राच्या तासाला सर काय सांगतात? "तीन रंग घ्या, एक आकार घ्या आणि त्याच्या पुनरावृत्तीतून चौकट भरा." मुले कुरकुरतात. तीच मुले रात्री जो खेळ खेळतात, तो या गृहपाठाचा सोडवलेला नमुना असतो!

या मारिओची गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. तो काढणारे शिगेरु मियामोतो हे गृहस्थ १९५२ साली जपानात क्योटोजवळच्या सोनोबे या गावी जन्मले. लहानपणी रानात भटकताना त्यांना एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन ते तीत शिरले, ही आठवण त्यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. गांधारपाल्याच्या लेण्यांत बॅटरी घेऊन हिंडलेल्या महाडच्या मुलांना त्यात नवल वाटणार नाही. पुढे कानाझावाच्या कलाशाळेत त्यांनी वस्तूंच्या घडणीचे, ज्याला औद्योगिक आरेखन म्हणतात त्याचे, शिक्षण घेतले. १९७७ साली निन्टेन्डोत नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांनी बरोबर काय नेले होते? लहान मुलांच्या कपड्यांसाठी प्राण्यांच्या आकारात घडवलेली हँगरे. खेळातले प्रावीण्य कोणी विचारले नाही, आणि त्या काळी त्याला अर्थही नव्हता. हाताने घडवलेली वस्तू पाहून त्यांना घेतले.

'डाँकी काँग'साठी त्यांना एक लहानसा माणूस काढावयाचा होता. तेवढ्याशा जागेत तोंड आणि ओठ काढले तर नुसता डाग दिसे. म्हणून नाक मोठे केले आणि त्याखाली मिशी दिली; मिशी आली की तोंड काढावेच लागत नाही. केस काढायचे तर पळताना ते उडताना दाखवायला हवेत, त्याला जागा नाही. म्हणून डोक्यावर टोपी. हात हलताना दिसावेत म्हणून अंगरख्याहून निराळ्या रंगाची खांद्यावर पट्टे असलेली विजार. जगातल्या कोट्यवधी मुलांना ओळखीचा झालेला तो चेहरा असा अडचणींतून घडला. मिशी ही हौस नव्हती.

यावरून एक चुकीचा निष्कर्ष निघू नये. सोळा ठिपक्यांत माणूस काढणे सोपे, मग कशाला समोर माणूस बसवून तासन्‌तास अभ्यासचित्रे काढावयाची, असे काही विद्यार्थी म्हणतात. उलट आहे. काय गाळावे हे ज्याला ठरवायचे आहे, त्याला आधी सगळे दिसायला हवे. खांदा कुठे वळतो हे ज्याच्या हाताला माहीत नाही, त्याचा तीन ठिपक्यांचा हात लाकडी ओंडका होतो. आणि आजकाल ठोकळ्याठोकळ्यांची जाहिरात काढून तिला 'जुनी शैली' म्हणण्याची जी लाट आली आहे, तिच्याबद्दलही दोन शब्द. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे ठिपके कडेने विरघळत, एकमेकांत थोडे मिसळत. आज सपाट पडद्यावर दिसतात तितके धारदार ते तेव्हा दिसत नव्हते. कित्येक चित्रकार ती विरघळ हिशेबात धरूनच काम करीत. म्हणजे ज्याला आपण जुनी शैली म्हणून मिरवतो, ती पुष्कळ अंशी नव्या पडद्याची देणगी आहे. परीक्षकाने "हे ठोकळे कशासाठी?" असे विचारले आणि उत्तर "छान दिसतात म्हणून" एवढेच असले, तर गुण कापले गेल्याचे दुःख करू नये.

खेळाबाहेरही या विद्येचा उपयोग झाला. सुझन केअर या कलेत डॉक्टरेट घेतलेल्या बाईंनी १९८४ साली आलेल्या मॅकिन्टॉश संगणकासाठी लहान लहान चिन्हचित्रे काढली. बत्तीस बाय बत्तीस चौकटी, रंग दोनच: काळा आणि पांढरा. त्यांनी सुरुवात केली ती दुकानातून आणलेल्या चौकटीच्या वहीवर.

आपल्याकडचे उदाहरण तर त्याहून अवघड. र. कृ. जोशी (१९३६-२००८) हे जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकलेले, जाहिरातक्षेत्रात नाव कमावलेले अक्षरकार. पुढे पवईच्या आय. आय. टी. तील आरेखन केंद्रात त्यांनी शिकवले. संगणकावर आपण पुष्कळ वर्षे ज्यात मराठी वाचत आलो तो विंडोजमधला 'मंगल' टंक त्यांनी घडवला. हे काम किती कठीण असते, ते समजायला महाड आणि पोलादपूर ही दोन नावे पुरेशी आहेत.

चौकटीच्या कागदावर आठ ओळींचे एक घर आखा आणि त्यात 'महाड' लिहून पाहा. एक ओळ शिरोरेखेला गेली, सात उरल्या. वर मात्रा नाही, खाली उकार नाही. म, ह, काना, ड. थोडी खटपट केली की अक्षरे उभी राहतात. आता 'पोलादपूर' लिहा. शिरोरेखेला एक ओळ. 'पो'ची मात्रा वर जाते, तिला निदान दोन ओळी. 'पू'चा दीर्घ ऊकार खाली येतो, त्यालाही दोन. आठातून पाच गेल्या. उरलेल्या तीन ओळींत प, ल, द आणि र हे एकमेकांपासून वेगळे ओळखू आले पाहिजेत! 'ल' तर तीन ओळींत होतच नाही. इंग्रजी मोठ्या लिपीला ही अडचण नाही. तिला वरमजलाही नाही आणि तळघरही नाही. म्हणून ठिपक्यांच्या दिव्यांच्या फलकांवर, मग तो बसवरचा असो की रेल्वे स्थानकावरचा, इंग्रजी नाव नीटस दिसते आणि मराठी नाव पुष्कळदा आखडलेले. सोळा ओळी घेतल्या, वर तीन आणि खाली तीन दिल्या, की मधल्या अक्षराला नऊ ओळी मिळतात आणि पोलादपूर श्वास घेते. अक्षरलेखनाच्या वर्गात देता येण्यासारखा हा एक चांगला प्रकल्प आहे, आणि जुन्या खेळांचे वेड असलेली मुलगी तो इतरांपेक्षा लवकर सोडवील याची मला खात्री वाटते.

इथवर मुलीची बाजू झाली. आता पालकांची.

नाण्यांचे खेळ घडवताना दुकानदाराचा हिशेब असे. एक मूल एका नाण्यात अर्धा तास खेळत बसले तर कपाटाचे भाडे निघायचे कसे? म्हणून खेळ हळूहळू कठीण होत जाई, आणि हरताना असे वाटले पाहिजे की थोडक्यात चुकलो, आणखी एक नाणे. 'स्पेस इन्व्हेडर्स' घ्या. पाच रांगांत अकरा-अकरा असे पंचावन्न शत्रू. जसजसे ते मारले जातात तसतसे उरलेले अधिक वेगाने येतात. हे आधी ठरवून केलेले नव्हते. थोड्या आकृत्या काढायच्या असल्या की ते यंत्र काम लवकर उरकी, म्हणून वेग वाढे. कर्ते तोमोहिरो निशिकादो यांनी तो तसाच ठेवला, कारण त्याने खेळणाऱ्याच्या छातीत धडधड वाढते. घरच्या डब्यात नाणे गेले, पण "आणखी एकच डाव" ही घडण राहिली. तेव्हा विद्यार्थ्याने हे ओळखून असावे की आपण ज्याला आपली आवड म्हणतो, त्यातला काही भाग १९८० च्या सुमाराच्या कोणा दुकानदाराच्या गल्ल्यासाठी बेतलेला आहे.

यावर घड्याळाचा गजर हा उपाय सांगतात. तो फारसा चालत नाही. गजर बंद करायला अंगठा पुरतो. त्यापेक्षा कामाच्या वाळवणीशी खेळाची गाठ घालावी. चित्रकाराच्या दिवसात सक्तीच्या विश्रांती पुष्कळ असतात. जलरंगाचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. पोस्टर रंगाचा सपाट पट्टा ओला असताना शेजारचा पट्टा भरला की दोन्ही बिघडतात. तैलरंगाला तर दिवस लागतात. आणि जुलैत महाड-पोलादपूरकडे कागदच दमट होतो. पंख्याखाली धरला तरी रंगाचा ओल जात नाही, हे तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. जुन्या खेळांचा एक गुण असा की त्यांचा एक डाव थोडक्यात संपतो. एक पट्टा, एक डाव. पट्टा वाळला की डाव अर्धा असला तरी खाली ठेवायचा. बोट लावून कागद वाळला का हे पाहावयाचे असल्याने उठावेच लागते, आणि एकदा उठले की अर्धी लढाई जिंकली. हे सगळे सबमिशनच्या आधीच्या आठवड्यापर्यंत. त्या आठवड्यात खेळ आईच्या कपाटात. इथे कुठलीही युक्ती लढवू नये.

दुसरी गोष्ट हिशेबाची. जो खेळ खेळला त्यातले एक घर तरी चौकटीच्या वहीवर उतरवावे: ठिपके मोजावेत, रंग मोजावेत, काय गाळले ते बाजूला लिहावे. अशी वही भरत असेल तर त्या तासांना अभ्यास म्हणायला हरकत नाही. वही कोरी असेल तर ती करमणूक. करमणूकही हवी, विटी-दांडू खेळणाऱ्या मुलाला आपण "यातून काय शिकलास?" असे विचारीत नव्हतो. फक्त तिला प्रकल्पाचे नाव देऊन घरी सांगू नये, आणि पालकांनीही वही पाहिल्यावाचून रागावू नये.

वहीबद्दल आणखी एक. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत घराघरांचे तळमजले पाण्याखाली गेले. भिजलेला कागद आणि चिखल भरलेला टीव्ही, दोन्ही सारखेच निकामी. तेव्हा पूर्ण झालेल्या प्रत्येक पानाचा नीट उजेडात फोटो काढून तो घराबाहेर दुसऱ्या एखाद्या जागी ठेवावा. जे. जे. असो की दुसरी कुठली संस्था, पुढच्या प्रवेशाला किंवा नोकरीला जुन्या कामाचा संग्रह दाखवावाच लागतो.

आणि त्या संग्रहात काय असावे? मारिओची नक्कल नसावी. जपानी खेळात जपानी रान आहे, आपल्या खेळात आपले रान असावे. गांधारपाल्याची लेणी घ्या: ओसरी, खांब, आतल्या खोल्यांची एकसारखी दारे. एक दार चार घरांत काढले की त्याचीच सारी रांग उभी राहते. शिल्पकारांनी डोंगरात केले तेच. किंवा पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट घ्या: एक वळण, एक कठडा, एक झाड, आणि पाऊस. पाऊस सगळ्यांत गमतीचा. आठ बाय आठच्या घरात एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ काढा आणि तेच घर शेजारी-शेजारी, खाली-वर मांडा. रेघा एकमेकींना जुळून सगळ्या पडद्यावर सलग तिरपा पाऊस पडू लागतो. चार घरे काढून प्रत्येकात रेघ दोन ठिपके पुढे सरकवली आणि ती आळीपाळीने दाखवली, तर तो हलतो. एका घरात रेघ एक ठिपका जरी हुकली, तरी दर आठव्या ओळीत पाऊस तुटतो. ज्या मुलीने बारा-पंधरा पावसाळे पोलादपुरात खिडकीशी बसून काढले आहेत, तिला तो तुटलेला पाऊस शिक्षकांच्या आधी दिसेल.